पीसीची घरघर कशी घालवावी? पंखे किती, कुठे आणि किती वेगाने

रात्रपाळी
मशीन असे आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर (सीपीयू) आणि त्याच्या खोक्यात आलेलाच कूलर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, मिड टॉवर कॅबिनेट, समोर अख्खी काच. काचेमागे कॅबिनेटबरोबर आलेले तीन दिव्यांचे पंखे, मागे एक. चारही पंखे मोलेक्सवर (पॉवर सप्लायच्या थेट जोडणीवर), म्हणजे वेग कमीजास्त करायची सोयच नाही. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे, रात्री दोन-तीन तास रेंडर (मॉडेलवरून अंतिम चित्र बनवणे). खोलीत ३३-३४ अंश, एसी नाही. रेंडर चालू असताना सीपीयू ८८-९०, ग्राफिक्स कार्ड ८१. नुसता ब्राउझर उघडा असला तरी सीपीयूचा पंखा दर अर्ध्या मिनिटाला चढतो-उतरतो, आणि खरा वैताग त्याचाच आहे. बजेट चार-पाच हजार. लिक्विड कूलिंग नको. सुरुवात कुठून करू?

तारयंत्र
खरेदीआधी फुकटातली चाचणी करा. रेंडर पंधरा मिनिटे चालू द्या, तापमान लिहून ठेवा. मग बाजूचे दार काढून तेच रेंडर. मग दार लावून समोरचे पॅनल काढा (बहुतेक कॅबिनेटांत खालच्या खाचेत बोटे घालून सरळ ओढले की निघते, पण आधी बटणांच्या तारा त्याला जोडलेल्या नाहीत ना ते बघा) आणि तिसऱ्यांदा.

दार काढल्यावर दोन-तीन अंशच फरक पडला तर कॅबिनेट ठीक आहे, कूलर तोकडा आहे. सात-आठ अंश उतरले तर आत हवाच येत नाहीये, कितीही भारी पंखे आणले तरी तो पैसा काचेवर आपटणार. समोरचे पॅनल काढूनही तेवढेच उतरले तर दोषी कोण ते वेगळे सांगायला नको.

दर वेळी खोलीचे तापमानही लिहा. खोली दोन अंशांनी तापली की आतले सगळे साधारण दोन अंशांनी वर सरकते. दुपारच्या आणि पहाटेच्या आकड्यांची तुलना करून ‘नवा पंखा भारी आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

एक विचारायचे राहिले: मशीन कॉम्प्युटर टेबलच्या कप्प्यात आहे का?

रात्रपाळी
हो, कप्प्यातच. मागे प्लायवूड, तारांसाठी एक गोल भोक.

तारयंत्र
मग आज रात्रीच बाहेर काढा. त्या कप्प्यात मागून निघालेली गरम हवा प्लायवूडला धडकून बाजूने फिरते आणि पुढून परत आत ओढली जाते. मशीन आपलाच उच्छ्वास पीत बसते. टेबल बदलायचे नसेल तर मागचे प्लायवूड काढून टाका, ते चार-सहा खिळ्यांवरच असते. मागे किमान १५ सेंटीमीटर मोकळे हवे. जमिनीवर ठेवणार असाल तर फरशीपासून ८-१० सेंटीमीटर उंच, लाकडी पाटही चालेल. झाडूची धूळ थेट खालच्या फिल्टरमध्ये जात नाही.

पाते_नऊ
वारा किती लागतो तो आधी मोजू, पंख्यांच्या संख्येवर मग भांडू.

५६०० कागदावर ६५ वॅटचा, पण सॉकेटमधून ७६ वॅटपर्यंत ओढतो. ३०६० ची मर्यादा १७० वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पॉवर सप्लाय स्वतः खातो ते धरून आणखी ४०-४५. सगळे एकदम राबले तर सुमारे २९० वॅट, आणि ही उष्णता शेवटी हवेबरोबरच बाहेर पडायची आहे. तुमच्या खोलीतली एक घनमीटर हवा एक अंशाने तापायला साधारण ११५० ज्यूल लागतात. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेत १० अंशांचा फरक चालवून घेतला, तर २९० भागिले ११,५००, म्हणजे सेकंदाला ०.०२५ घनमीटर. तासाला ९१ घनमीटर. पंख्याच्या खोक्यावरच्या भाषेत ५३ सीएफएम (मिनिटाला घनफूट).

बाजारात १८०० आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे) १२० मिमी पंख्यावर ५६ सीएफएम छापलेले असते, मग एकच पुरेल की! नाही पुरणार. तो आकडा पूर्ण वेगाचा आणि मोकळ्या हवेतला, पुढेमागे काही नसताना. फिल्टर, जाळी, वायरींचा गुंता मध्ये आला की निम्मा धरा. वेग ९०० वर आणला की त्याचाही निम्मा. म्हणजे पंख्यामागे १४-१५ सीएफएम. समोर असे तीन लावले तर ४२-४५, आणि फरक १० ऐवजी १२ अंशांचा. एवढे चालते.

आता ९०० च का? कारण वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. शेजारी तसाच दुसरा पंखा लावला की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. एक पंखा १८०० वर पळवण्याऐवजी दोन ९०० वर ठेवले तर वारा तेवढाच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. शांत पीसीचे सगळे गणित या एका ओळीत आहे.

पण त्याला एक काटा आहे. पंख्याचा दाब वेगाच्या वर्गाने पडतो, निम्म्या वेगाला दाब चौथाईच. म्हणून संथ पंख्यासमोर बंद काच किंवा दाट फिल्टर असला की तो नुसता जागच्या जागी हवा घुसळतो. संथ पंखे हवे असतील तर समोर जाळीचे पॅनल हवेच. तुमची काच तशीच ठेवायची असेल तर ती स्क्रूंवर १५-२० मिमीचे नायलॉन स्पेसर घालून पुढे सरकवता येते का बघा. दिसायला बरे दिसते, कामही होते.

शंकासुर
वर दोन आणि मागे एक असे तीन एक्झॉस्ट (हवा बाहेर फेकणारे पंखे) लावले तर? गरम हवा वरच जाते ना.

पाते_नऊ
गरम हवा आपणहून वर जाते ती इतकी हळू की ५०० आरपीएमचा पंखाही तिला पाहिजे तिकडे वळवतो. कॅबिनेटमध्ये तो विचार सोडून द्या.

वरच्या पुढच्या कोपऱ्यातला एक्झॉस्ट तर चक्क चोरी करतो: समोरून आलेली गार हवा कूलरपर्यंत पोचायच्या आत तोच बाहेर फेकतो. वर लावायचाच असेल तर एकच, आणि मागच्या बाजूला. या मशीनला समोर तीन आणि मागे एक पुरे.

येणारी हवा जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा. मग आतला दाब किंचित जास्त राहतो आणि फटींतून हवा बाहेर पडते. उलटे केले तर प्रत्येक फटीतून, स्लॉटच्या पट्ट्यांमधून धूळ आत ओढली जाते, आणि तिथे फिल्टर नसतो.

तपासायचे असेल तर उदबत्ती घ्या. पीसी चालू, छताचा पंखा बंद. समोर, खाली, मागे, स्लॉटपाशी धूर कुठे ओढला जातो, कुठे ढकलला जातो ते लगेच दिसते. पंखा उलटा बसला असेल तर तोही सापडतो. मोटर धरणारे दांडे आणि स्टिकर ज्या बाजूला, त्या बाजूने वारा बाहेर पडतो.

विदर्भी_ऊन
तीनाऐवजी समोर १४० मिमीचे दोन बसत असतील तर ते बघा. भोकांचे अंतर वेगळे असते: १२० ला १०५ मिमी, १४० ला १२४.५. खरेदीआधी पट्टीने मोजा. ‘१४० सपोर्ट’ लिहिलेल्या कॅबिनेटातही कधी पॉवर सप्लायचे झाकण आडवे येते.

तारयंत्र
आता खरेदी. बजेट या क्रमाने उडवा:

१. प्रोसेसरला चार हीट पाइपचा, एका १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर. ७६ वॅटला यापेक्षा मोठा लागत नाही. असे कूलर १५० ते १६० मिमी उंच असतात आणि कॅबिनेटच्या माहितीपत्रात कमाल उंची दिलेली असते, ती आधी बघा. दार न लागण्याची तक्रार दर महिन्याला कोणी ना कोणी करतोच. एएम४ वर (तुमच्या प्रोसेसरचे सॉकेट) जुना कूलर काढताना आधी मशीन दहा मिनिटे राबवून पेस्ट गरम करा, बंद करा, मग कूलर पिळत सोडवा. सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

२. चार पिनांचे, पीडब्ल्यूएम (बोर्डाकडून वेग बदलता येणारे) पंखे चार. दिव्यांचे नकोत. बेअरिंग फ्लुइड डायनॅमिक असेल तर उत्तम. साधे स्लीव्ह बेअरिंग उभ्या पंख्यात निभावते, पण आडवे, म्हणजे कॅबिनेटच्या छताला लावले की लवकर कुरकुरायला लागते.

३. एक तीन-तोंडी स्प्लिटर, समोरच्या तिघांसाठी.

जोडणीत चुका ठरलेल्या आहेत. हेडरची (बोर्डावर पंखा जोडायच्या पिनांची) मर्यादा सहसा १ अँपिअर असते. पंख्याच्या स्टिकरवर ०.१५ ए असे काहीतरी लिहिलेले असते, तिघांचे मिळून ०.४५, निवांत चालते. स्प्लिटरच्या एकाच तोंडाला वेग सांगणारी तार हवी. तिन्हींना असली तर बोर्डाला तिघांचे ठोके एकत्र ऐकू येतात आणि आरपीएमचा आकडा वेड्यासारखा नाचतो. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या हेडरला लावला तर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) तो हेडर ‘डीसी’वर (व्होल्टेजने वेग बदलणे) टाका, नाहीतर पंखा कायम पूर्ण वेगाने पळेल. दिव्यांचे कनेक्टर तर नीट बघूनच: तीन पिनांचे ५ व्होल्टचे, चार पिनांचे १२ व्होल्टचे. ५ वाला १२ वर लागला की दिवे गेलेच म्हणा.

जुने मोलेक्सचे पंखे काढूनच टाका. एक जरी १२०० वर ओरडत राहिला तरी बाकीचे शांत असून उपयोग नाही.

शंकासुर
आणि ते दर अर्ध्या मिनिटाला चढणे-उतरणे? नवीन कूलरने जाईल?

तारयंत्र
कमी होईल, जाणार नाही. ते सेटिंगचे दुखणे आहे. रायझन एखादे पान उघडायलाही एका कोअरला पूर्ण वेगावर नेतो. दोन सेकंदांत तापमान ४५ वरून ५८, पुढच्या तीन सेकंदांत परत ४६. कूलरचे धातू तोवर गरमही झालेले नसते, पण पंखा मात्र आकडा बघून धावत सुटतो. एकसारखा ९०० आरपीएमचा आवाज कान दहा मिनिटांत विसरतो. चढउतार विसरत नाही.

बायोसमध्ये सीपीयूच्या पंख्याला असे द्या: ६० अंशांपर्यंत सपाट ३५ टक्के, ७० ला ५०, ७८ ला ६५, ८६ ला १००. वेग वाढण्याआधीचा विलंब ४-५ सेकंद, कमी होण्याआधीचा त्याहून जास्त. हिस्टेरेसिस ३-४ अंश, म्हणजे तेवढे उतरल्याशिवाय पंखा खाली येणार नाही. ६० पर्यंतचा सपाट भाग सगळ्यात महत्त्वाचा, घाबरून तिथे उतार देऊ नका.

समोरच्या पंख्यांना सीपीयूचे तापमान देऊच नका. कॅबिनेटमधली बरीचशी उष्णता ग्राफिक्स कार्डाची आहे आणि ती बायोसला दिसत नाही. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात कार्डासाठी एक आलेख आणि सीपीयूसाठी एक असे दोन करा, दोन्हींतला जास्त आकडा घेणारे मिश्रण समोरच्या पंख्यांना द्या. बायोसमध्येही एक सुरक्षित आलेख ठेवा, सॉफ्टवेअर बंद पडले तर तो कामाला येतो.

कमीत कमी टक्केवारी अंदाजाने लिहू नका. ५० वरून पाच-पाचने खाली या, पंखा थांबतो तो आकडा टिपा. मग थांबलेल्या पंख्याला हळूहळू वाढवत तो कुठे सुरू होतो ते टिपा. हा दुसरा आकडा मोठा असतो. त्याच्या वर पाच टक्के हा तुमचा तळ.

पेंग्विनप्रेमी
लिनक्सवर एलएम-सेन्सर्स टाका, सेन्सर्स-डिटेक्ट चालवा, मग पीडब्ल्यूएम-कॉन्फिग. कोणता पंखा कुठे थांबतो-सुटतो ते तोच मोजून देतो. बोर्डावर नुव्होटोनची चिप असेल तर सहसा एनसीटी६७७५ मॉड्यूल लागते. चित्रांतून करायचे असेल तर कूलर-कंट्रोल.

विदर्भी_ऊन
पंख्यांवर एवढे लिहिले, पण उष्णताच कमी केली तर? ३०६० ला आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करा. १७० चे १३६ वॅट होतात. रेंडर थोडेसेच लांबते, आणि ३४ वॅट हवेत जातच नाहीत. पाते_नऊ यांच्याच सूत्राने ६ सीएफएम वारा वाचला.

त्यापुढे जायचे असेल तर कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडा. ८७५ मिलिव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ ठेवून त्यापुढचे सगळे बिंदू सपाट करा. रेंडर तासभर टिकले तर ८५० करून बघा. कार्डागणिक फरक पडतो, दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. ब्लेंडर मध्येच बंद पडले किंवा चित्रात ठिपके आले तर २५ ने वर जा.

आमच्याकडे मे महिन्यात दुसरीच गंमत. खोलीत पाण्याचा कूलर लावला की हवा ८-१० अंश गार होते आणि पीसीही तेवढाच गार होतो. फक्त त्याचा झोत थेट मशीनवर नको. हवेबरोबर बारीक तुषार येतात, बोअरच्या पाण्याचा क्षार पात्यांवर पांढरा बसतो, आणि त्या ओलसर थरावर धूळ अशी चिकटते की ब्रशने निघत नाही.

कोकणवारा
इकडे धूळ कमी, दमट फार. एक गैरसमज खोडतो: पंख्याने आत दव धरत नाही. पंखा कुठलाही भाग खोलीपेक्षा गार करूच शकत नाही. पावसाळ्यात महिनाभर बंद पडलेले मशीन जास्त बिघडते. आठवड्यातून दोनदा तासभर चालवा.

आणि मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या हरवल्या असतील तर आधी त्या लावा. पाल आत शिरते ती तिथूनच. पॉवर सप्लायमध्ये गेली तर तिचाही शेवट आणि त्याचाही.

शंकासुर
फिल्टरऐवजी मच्छरदाणीची जाळी चालेल?

पाते_नऊ
खिडकीला लावतात ती नायलॉनची जाळी चालते. तिची भोके मोठी असतात, बारीक धूळ जाईल पण केस, कापसाचे तंतू अडतील, आणि कूलरच्या पत्र्यांमध्ये बोळा त्यांचाच होतो. पंख्याला चिकटवून नका लावू, पॅनलच्या आतल्या बाजूने ताणून लावा. पाती आणि जाळी यांत १०-१५ मिमी अंतर हवे. पंख्याच्या ओढणाऱ्या बाजूला, अगदी पात्यांपुढे, काहीही आडवे आले की घूं असा सूर निघतो. ढकलणाऱ्या बाजूला तेच असेल तर आवाज बराच कमी.

साफसफाई: फिल्टर दर पंधरवड्याला नळाखाली, सावलीत वाळवून. पत्र्यांना महिन्या-दोन महिन्यांनी रंगाचा एक इंची ब्रश. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो ठरल्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो, बेअरिंग जाते, आणि जनित्र होऊन उलटी वीज हेडरमध्ये घालतो.

रात्रपाळी
सगळ्यांचे आभार. कप्पा गेला, काच १५ मिमी पुढे, टॉवर कूलर, चार पंखे, कार्ड ८० टक्क्यांवर. खोली ३४ अंश, रेंडरला एक तास: सीपीयू ७१, कार्ड ७०, समोरचे पंखे ९२०च्या आसपास, मागचा ९००. ब्राउझरला चढउतार बंद.

पण आता नवीनच काहीतरी. आवाज बारीक आहे, पण तो ‘घूं... घूं... घूं...’ असा लाटांनी येतो. सेकंदाला तीनेक लाटा. पंखा खराब आला का?

पाते_नऊ
पंखे शाबूत आहेत. पाती मोजा, बहुतेक नऊ असतील.

नऊ पात्यांचा पंखा ९०० वर फिरला की पाती दांड्यांसमोरून सेकंदाला ९ गुणिले ९०० भागिले ६०, म्हणजे १३५ वेळा जातात. तोच त्याचा सूर. ९२० वाल्याचा १३८. हे दोन सूर एकत्र वाजले की फरकाइतके ठोके ऐकू येतात: सेकंदाला तीन. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की ऐकू येते तेच हे. समोरच्या तिघांतही दहा-वीसचा फरक असणारच, एकाच टक्केवारीवर दोन पंखे कधीच तंतोतंत सारखे फिरत नाहीत.

मागचा ७५० वर आणा. फरक १७० आरपीएमचा झाला की ठोके सेकंदाला पंचविसाच्या पुढे जातात आणि कानाला लाट म्हणून कळत नाहीत. समोरच्या तिघांपैकी मधला वेगळ्या हेडरवर घेता आला तर त्यालाही १००-१५० ने खाली ठेवा. आलेख काढताना ८ टक्क्यांची वजावट दिली की झाले.

त्यानंतरही घूं राहिली तर पीसी चालू असताना कॅबिनेटचे दार तळहाताने दाबा. आवाज बदलला तर पत्रा थरथरतोय. तिथे स्क्रू काढून रबराच्या पिना लावा: शेपूट भोकातून पक्कडीने ओढायची, गाठ बसली की जास्तीची कापायची.

रात्रपाळी
मागचा ७५०, मधला ८००. लाटा गेल्या. सीपीयू ७१ चा ७२ झाला, चालेल.

आता फक्त ब्लेंडरच्या व्ह्यूपोर्टमध्ये मॉडेल फिरवताना एक बारीक किर्रर्र येते. फिरवायचे थांबले की बंद.

तारयंत्र
ती कार्डावरच्या कॉइलची, पंख्याशी संबंध नाही. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ब्लेंडरसाठी कमाल फ्रेम रेट ६० करा. रेंडरच्या वेगाला त्याने धक्का लागत नाही.